फेनेक कोल्हा पाळताना : जागा, आहार, सवय आणि आरोग्य

मोठाल्या कानांचा हा वाळवंटी कोल्हा इतका गोजिरवाणा दिसतो की, त्याला पाहणाऱ्याच्या मनात ‘घ्यावा का’ हा प्रश्न लगेच येतो आणि ‘त्याला काय काय लागते’ हा प्रश्न फार उशिरा सुचतो. या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे, कारण त्याचे उत्तर नीट समजले की पहिल्याचे उत्तर बहुतेकांना वेगळे शोधावे लागत नाही. एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे योग्य ठरेल. फेनेक माणसाला सरावतो, खाऊ घालणाऱ्याला ओळखतो, काही तर शेपूट हलवत आणि किंचाळत स्वागतालाही येतात. परंतु हाक मारल्यावर येणे, नको म्हटल्यावर थांबणे, मालकाची मर्जी राखणे ही कुत्र्याच्या अंगी मुरलेली वृत्ती त्याच्यात नसते आणि शिकवूनही ती येत नाही. त्यामुळे फेनेकला घराची शिस्त लावण्याच्या खटपटीत न पडता घरच त्याच्या सवयींना झेपेल असे करून घेणे, हा त्याला सांभाळण्याचा एकमेव व्यवहार्य मार्ग आहे.

या सवयींचे मूळ सहारात आहे. मोरोक्को आणि मॉरिटानियापासून इजिप्तच्या सिनाईपर्यंत पसरलेल्या वाळवंटी पट्ट्यात तो आढळतो. श्वानकुळातील हा सर्वांत लहान प्राणी असून पूर्ण वाढलेल्या फेनेकचे वजन साधारणतः एक ते दीड किलो असते आणि कान मात्र पंधरा सेंटीमीटरपर्यंत वाढतात. या कानांतून शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते आणि वाळूखाली सरपटणाऱ्या किड्याची चाहूलही त्यांनीच लागते. तळपायांवर दाट केस असल्यामुळे तापलेल्या वाळूवर पाय पोळत नाहीत. दिवसाची उष्णता टाळण्यासाठी तो बिळात झोपतो आणि सायंकाळनंतर बाहेर पडतो. फेनेक कुटुंबाने किंवा लहान टोळीने राहतात. त्यांची काही बिळे 120 चौरस मीटरपर्यंत पसरलेली आणि पंधरा तोंडे असलेली आढळली आहेत. एवढ्याशा प्राण्याने एवढे खोदकाम केलेले असते, ही गोष्ट घरातील सोफा निवडताना लक्षात ठेवावी.

आणण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम कायद्याची चौकशी करावी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात फेनेकचा समावेश आहे, म्हणजे त्याला एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यासाठी निर्यातीचा अधिकृत परवाना आवश्यक असतो. याशिवाय प्रत्येक देशाचे, काही ठिकाणी तर प्रत्येक प्रांताचे आणि नगरपालिकेचे नियम वेगळे असतात. कुठे तो विनापरवाना पाळता येतो, कुठे परवाना व पिंजऱ्याची तपासणी लागते आणि कुठे त्याला पाळण्यास सरसकट बंदी असते. घर भाड्याचे असेल तर भाडेकराराचीही हीच गोष्ट. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून न राहता संबंधित खात्याकडून लेखी उत्तर घ्यावे; नियम मोडल्याचे उघडकीस आल्यास प्राणी जप्त होतो आणि पुढे त्याचे काय होईल यावर मालकाचे नियंत्रण उरत नाही.

दुसरी चौकशी पशुवैद्याची. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक पशुवैद्य फेनेकला हात लावण्यास तयार होईलच असे नाही, म्हणून वन्य किंवा विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आपल्या आवाक्यातील अंतरावर आहे की नाही, हे प्राणी घरी येण्याआधीच पाहावे. असा पशुवैद्य मिळत नसेल तर बेत तिथेच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेनेक बंदिवासात जन्मलेलाच घ्यावा. उत्तर आफ्रिकेतील काही भागांत पर्यटकांबरोबर छायाचित्रे काढण्यासाठी आणि विक्रीसाठी फेनेकची पिल्ले बिळांतून उकरून काढली जातात. असा प्राणी घेणे म्हणजे त्या धंद्याला हातभार लावणे होय. शिवाय जंगलातून पकडलेला प्रौढ फेनेक माणसाला क्वचितच सरावतो. चांगला प्रजननकर्ता पिल्लाचे आईवडील दाखवतो, जन्मतारखेची व औषधोपचारांची नोंद देतो आणि उलट आपल्यालाच चार प्रश्न विचारतो. मादी 50 ते 53 दिवसांच्या गर्भकाळानंतर एक ते चार पिल्ले देते आणि ती साधारण दोन महिने अंगावर पितात. पिल्लू माणसाळावे म्हणून काही जण त्याला डोळे उघडण्याच्या सुमारासच आईपासून वेगळे करून बाटलीने दूध पाजतात. यामुळे ते हाताळायला सोपे होते हे खरे, परंतु अननुभवी माणसाने एवढे लहान पिल्लू घरी आणू नये. दूध फुप्फुसात जाणे, पोट बिघडणे, शरीराचे तापमान उतरणे यांपैकी कोणत्याही एका कारणाने ते दगावू शकते. स्वतःहून घट्ट अन्न खाऊ लागलेले आणि प्रजननकर्त्याने रोज हाताळलेले पिल्लू घेणे अधिक शहाणपणाचे.

खर्चाचा आणि काळाचा हिशेबही आताच करावा. बंदिवासात फेनेक चौदा वर्षांपर्यंत जगू शकतो. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या माणसाची नोकरी, गाव आणि कुटुंब या काळात सर्व बदलून जाईल, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

राहण्याची जागा

फेनेकसाठी एक स्वतंत्र खोली देता आली तर ती सर्वांत चांगली सोय होय. ते शक्य नसेल तर माणसाला आत उभे राहता येईल इतका उंच, अनेक मजल्यांचा पिंजरा घ्यावा आणि रोज संध्याकाळी काही तास देखरेखीखाली बाहेर मोकळे सोडावे. कुत्र्यासाठीच्या प्रवासी पिंजऱ्यात दिवसेंदिवस कोंडून ठेवलेला फेनेक एकाच मार्गावर येरझाऱ्या घालू लागतो, स्वतःचे केस ओरबाडतो आणि हात आत घातला की चावतो. पिंजऱ्याचा तळ जाळीचा नसावा, कारण जाळीत बोटे व नखे अडकून इजा होते.

निसटण्याच्या बाबतीत हा प्राणी तरबेज आहे. उभ्या जागेवरून तो स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट उडी मारतो, आणि टेबल, खुर्ची, पडदा अशा पायऱ्या मिळाल्या की कपाटाच्या माथ्यावरही पोहोचतो. खोली तयार करताना म्हणून जमिनीवर पालथे पडून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून सर्व भिंती न्याहाळाव्यात. धुलाई यंत्रामागची पोकळी, स्वयंपाकघरातील ओट्याखालची फट, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेले छिद्र, दार आणि फरशी यांमधील अंतर हे सर्व उभ्या माणसाला दिसत नाही. डोके जिथून जाईल तिथून उरलेले शरीरही जाते; कानांची अडचण होत नाही, कारण ते मागे दुमडून अंगालगत चपटे होतात. खिडक्यांना कीटकांसाठीची नायलॉनची जाळी पुरेशी नसते, तारेची बळकट जाळी लागते. विजेच्या तारा कठीण नळीतून न्याव्यात. औषधे, रबराच्या वस्तू, केसांचे बो, कानात घालायचे बोळे अशा वस्तू त्याच्या आवाक्यात ठेवू नयेत, कारण तो त्या पळवतो आणि काही गिळतोही; आतड्यात अडकलेल्या वस्तूसाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा प्रसंग मग दूर नसतो. घराबाहेर उघडणाऱ्या दारापाशी दोन दारांची व्यवस्था करावी, म्हणजे एक बंद झाल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, असा नियम घरातील प्रत्येकाला पाळता येईल.

अंगणात बंदिस्त आवार बांधायचे असल्यास जाळी जमिनीखालीही न्यावी लागते. तळाशी फरसबंदी करून तिच्यावर वाळूचा जाड थर देणे हा उपाय अधिक खात्रीचा आहे, कारण पुरलेली जाळी कालांतराने गंजते आणि फेनेक त्याच जागी पुन्हा पुन्हा उकरत राहतो. आवाराला छप्पर हवेच, तो वर चढून जाऊ नये म्हणून आणि घुबड वा ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांपासून बचाव व्हावा म्हणूनही.

उकरण्याची ऊर्मी दाबता येत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. उंच कडांचे मोठे प्लास्टिकचे खोके घेऊन त्यात मुलांच्या खेळासाठी मिळणारी धुतलेली, धूळ नसलेली वाळू अर्ध्यापर्यंत भरावी. बांधकामाची बारीक भुकटीयुक्त वाळू श्वसनमार्गाला त्रासदायक असते. या वाळूत रोज वेगवेगळ्या जागी चार-पाच किडे किंवा सुक्या मांसाचे तुकडे पुरून ठेवले तर फेनेक तिथे तासभर रमतो आणि गालिचाकडे त्याचे लक्ष कमी जाते. कमी जाते, अजिबात जात नाही असे नाही. महागडा गालिचा असल्यास तो गुंडाळून ठेवलेला बरा. झोपण्यासाठी बिळासारखी अंधारी, अरुंद तोंडाची पेटी किंवा मऊ कापडी बोगदा द्यावा. त्याच्या झोपण्याच्या जागेत हात घालून त्याला बाहेर ओढू नये, ही एकच शिस्त पाळली तरी चावण्याचे बरेच प्रसंग टळतात.

तापमानाबाबत एक गैरसमज आहे. वाळवंटी प्राणी असल्यामुळे त्याला कितीही उकाडा चालतो, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो उष्णतेपासून बचाव करण्यात पटाईत आहे आणि हा बचाव बीळ असेल तरच शक्य होतो. सुमारे 35 अंश सेल्सियसच्या वर तो धापा टाकू लागतो. एरवी मिनिटाला वीस-पंचवीस असलेले श्वास त्या वेळी सहाशेच्याही पुढे जातात. दुसरीकडे, सुमारे 20 अंशांच्या खाली तो कुडकुडू लागतो. त्यामुळे खोलीचे तापमान 22 ते 28 अंशांच्या दरम्यान राखणे त्याला मानवते. थंडीत उबेचा दिवा लावायचा असेल तर त्याला जाळीचे आवरण असावे आणि तो खोलीच्या एकाच बाजूला असावा, जेणेकरून ऊब नको असेल तेव्हा त्याला दूर जाता येईल. दमट हवा आणि ओले अंथरूण यांची मात्र त्याच्या शरीराला सवय नसते. बंद मोटारीत त्याला काही मिनिटेही एकटे सोडू नये.

आहार

निसर्गात फेनेक टोळ, भुंगेरे, लहान उंदीर, सरडे, पक्ष्यांची अंडी, फळे आणि मुळे असे मिळेल ते खातो. घरी हेच वैविध्य राखायचे असते, आणि बहुतेक घरांतून इथेच गफलत होते, कारण एखादे तयार खाद्य तो आवडीने खाऊ लागला की मालक समाधान मानतो. केवळ कुत्र्याच्या कोरड्या खाद्यावर त्याला वाढवू नये. टॉरिन हा घटक हृदयाच्या स्नायूंसाठी व डोळ्यांसाठी आवश्यक मानला जातो. तो मांसात असतो आणि मांजरांच्या खाद्यात मुद्दाम मिसळलेला असतो, पण कुत्र्यांच्या सर्वच खाद्यांत पुरेसा असतोच असे नाही. म्हणून मांसाचे प्रमाण भरपूर असलेले, उत्तम दर्जाचे मांजरांचे किंवा कुत्र्यांचे खाद्य पाया म्हणून घ्यावे आणि त्यावर कोंबडीचे वा अन्य मांस, उकडलेले अंडे, कीटक आणि एक-दोन चमचे बारीक चिरलेल्या भाज्या-फळे अशी भर घालावी. गाजर, मटार, रताळे, सफरचंद, टरबूज यांपैकी काय आवडते ते त्या त्या प्राण्यावर अवलंबून असते. गोड फळे तो हावरटासारखी खातो, म्हणून ती मोजूनच द्यावीत.

मांस कच्चे द्यावे की शिजवलेले, यावर पाळणाऱ्यांमध्ये मतभेद आहेत. कच्च्या मांसाच्या बाजूने बोलणारे निसर्गाचा दाखला देतात. परंतु साल्मोनेलासारखे जिवाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी कच्च्या मांसातून येऊ शकतो, आणि टॉक्सोप्लाझ्मामुळे फेनेक दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. माझा कल शिजवलेल्या मांसाकडे आहे. केवळ मांसावर भर दिला तर कॅल्शियम कमी पडते आणि वाढत्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात, हे दोन्ही पक्षांना लागू आहे. शिजवलेले हाड देऊ नये, कारण त्याचे टोकदार तुकडे होतात.

कीटक हा त्याचा सर्वांत आवडता खाऊ. रातकिडे, टोळ, झुरळांच्या पैदास केलेल्या जाती आणि मीलवर्म नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून मिळतात. या कीटकांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते, म्हणून ते जसेच्या तसे देऊ नयेत. देण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांना गाजर, हिरव्या पालेभाज्या आणि कॅल्शियमयुक्त खाद्य चारावे, आणि देण्याच्या वेळी झाकणाच्या डब्यात चिमूटभर कॅल्शियमची भुकटी टाकून त्यात कीटक हलकेच घोळवावेत. अळ्यांवर पिठाचा हात फिरल्यासारखा पातळ पांढरा थर दिसला म्हणजे पुरे. भुकटीचे गोळे झाले असतील तर फेनेक त्या अळ्या हुंगून बाजूला सारतो. मीलवर्म चरबीयुक्त असल्याने ते मुख्य अन्न होऊ देऊ नये. बागेत पकडलेले किडे टाळावेत, कारण त्यांवर कीटकनाशक फवारलेले आहे की नाही हे कळत नाही.

चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका, ॲव्होकॅडो, चहा-कॉफी आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा घटक) असलेले गोड पदार्थ त्याला कधीही देऊ नयेत. फेनेकची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्यात अतिशय कार्यक्षम असतात आणि निसर्गात तो अन्नातील ओलाव्यावर दीर्घकाळ राहू शकतो, तरी घरात स्वच्छ पाणी चोवीस तास उपलब्ध असले पाहिजे. भांडे जड असावे, नाहीतर ते उलटे करणे हा त्याचा रोजचा खेळ होऊन बसतो.

जेवण दिवसातून दोनदा, मुख्यतः संध्याकाळी द्यावे. उरलेले अन्न तो लपवून ठेवतो. पांघरुणाच्या घडीत, कपाटामागे, वाळूच्या खोक्यात आणि क्वचित मालकाच्या बुटातही मांसाचे तुकडे सापडतात; त्यामुळे रोज सकाळी या जागा तपासून साफ करणे हा दिनक्रमाचाच भाग समजावा. किती खाऊ घालावे याचे सर्वांना लागू पडणारे माप नाही. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन दाखवणाऱ्या काट्यावर त्याला तोलून नोंद ठेवावी. काट्यावर टोपली ठेवून तिच्यात एक किडा टाकला की तो स्वतःहून आत शिरतो. एवढ्या छोट्या शरीरात शंभर ग्रॅमची घट किंवा वाढ ही मोठी बाब असते, मात्र दाट केसांमुळे ती डोळ्यांना उशिरा कळते.

सरावणे आणि हाताळणे

नवा फेनेक घरी आल्यावर पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत राहू द्यावे आणि उचलण्याचा प्रयत्न करू नये. संध्याकाळी, तो जागा झाल्यावर, खोलीत जमिनीवर बसावे, दुसरे काही काम करत राहावे आणि त्याच्याकडे टक लावून पाहू नये. पहिल्यांदा किडा आपल्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, मग गुडघ्याजवळ, मग उघड्या तळव्यावर. बोटांच्या चिमटीत खाऊ धरून देऊ नये, कारण झडप घालताना खाऊ आणि बोट यांत तो फरक करत नाही. तो मांडीवर चढला तरी लगेच कुरवाळण्याची घाई करू नये. कानांच्या मागे आणि हनुवटीखाली स्पर्श केलेला बहुतेकांना चालतो. शेपटीला आणि पावलांना हात लावलेला सहसा खपत नाही. हे सर्व जमायला आठवडे लागतील की महिने, हे त्या प्राण्याच्या स्वभावावर आणि त्याच्या लहानपणावर ठरते.

सरावलेला फेनेकही कडेवर घेतलेला फार वेळ सहन करत नाही. त्याला खेळायला आवडते, मांडीवर बसून राहायला नाही. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागील पायांखाली धरावा, आणि तो सुटण्याची धडपड करू लागला की आवळून न धरता जमिनीलगत नेऊन सोडावे, कारण उंचावरून उडी मारल्यास त्याची काडीसारखी हाडे मोडतात. मारणे, ओरडणे, मान पकडून झटकणे यांचा परिणाम एकच होतो : तो त्या माणसाला कायमचे टाळू लागतो.

त्याच्या आवाजाची कल्पना आधी असावी. आनंदात तो कर्णकर्कश किंचाळतो, रागात तडतडल्यासारखा भुंकतो, समाधानात मांजरासारखी घुरघुर करतो, आणि यातले पहिले दोन प्रकार रात्री दोन वाजताही ऐकू येतात. पातळ भिंतींच्या सदनिकेत राहणाऱ्याने शेजाऱ्यांचाही विचार करावा. संध्याकाळी भरपूर खेळवल्यास त्याची मध्यरात्रीची धावपळ काही प्रमाणात कमी होते. त्याचे घड्याळ पूर्णपणे माणसाच्या घड्याळाला जुळत मात्र नाही.

लहान मुलांच्या घरात फेनेक आणू नये, असे मी सुचवेन. मूल अचानक धावते, किंचाळते, पकडते, आणि या तिन्ही गोष्टींनी हा प्राणी बिथरतो. शांत स्वभावाच्या कुत्र्याशी किंवा मांजराशी त्याचे जमू शकते, तरी त्यांना एकत्र असताना नजरेआड होऊ देऊ नये. मांजराच्या मलपात्रापाशी त्याला कधीच जाऊ देऊ नये, कारण टॉक्सोप्लाझ्मा तिथूनही येतो. पक्षी, उंदीर, सरडे हे त्याचे भक्ष्य आहे. ते त्याच्या खोलीतही नकोत. फेनेक मुळात कुटुंबात राहणारा असल्यामुळे एकाऐवजी जोडी पाळण्याचा सल्ला काही अनुभवी लोक देतात. लहानपणापासून एकत्र वाढलेली भावंडे असतील तर तो सल्ला योग्य आहे. परस्परांना अनोळखी प्रौढ एकत्र सोडले तर रक्तबंबाळ भांडणे होतात.

मलमूत्र आणि स्वच्छता

मांजराप्रमाणे माती भरलेल्या पात्रात मलमूत्र करण्याची सवय काही फेनेकना लागते, पण शंभर टक्के कधीच लागत नाही. तो ज्या कोपऱ्यात वारंवार जातो तिथेच पात्र ठेवावे, पात्र उंच कडांचे घ्यावे आणि ओली झाल्यावर गोळे बनणारी माती वापरू नये, कारण तो ती उकरून उडवतो आणि क्वचित खातोही. फरशी धुता येण्याजोगी असणे हाच खरा उपाय. वयात आल्यावर, साधारण नवव्या महिन्याच्या आसपास, नर आपली हद्द ठरवण्यासाठी जागोजाग मूत्र शिंपडू लागतो. वेळेवर निर्बीजीकरण केल्यास हे प्रमाण घटते; कोणत्या वयात करावे हे पशुवैद्याला विचारावे. शेपटीच्या वरच्या अंगाला, मुळापाशी, काळा ठिपका दिसतो तिथे गंधग्रंथी असते. घाबरल्यावर तिथून क्षणभर उग्र वास येतो, तो आजार नव्हे. आंघोळ घालण्याची गरज सहसा पडत नाही. नखे मात्र घरात पुरेशी झिजत नाहीत, म्हणून ठरावीक अंतराने कापावी लागतात, आणि हे काम दोघांचे आहे.

आरोग्य

लसीकरणाबाबत विशेष सावधगिरी हवी. फेनेकला डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीज या कुत्र्यांनाही होणाऱ्या विषाणूजन्य आजारांचा धोका असतो, परंतु कुत्र्यांसाठीच्या डिस्टेंपरच्या जिवंत विषाणूंच्या लसीने कोल्ह्यांमध्ये प्रत्यक्ष तोच आजार उद्भवल्याची उदाहरणे आहेत. म्हणून जिथे उपलब्ध असेल तिथे जिवंत डिस्टेंपर विषाणू नसलेली पुनर्संयोजित लस आणि रेबीजसाठी मृत विषाणूंची लस वापरली जाते. रेबीजची लस टोचली तरी अनेक ठिकाणी कायदा ती फेनेकसाठी ग्राह्य धरत नाही. अशा ठिकाणी तो एखाद्याला चावला आणि तक्रार झाली, तर तपासणीसाठी मेंदूचा नमुना लागत असल्याने त्याला मारण्याचा आदेश निघू शकतो. पाहुण्यांच्या हाती त्याला न देण्याचे हे एक मोठे कारण आहे.

वर्षातून किमान एकदा तपासणी करावी, त्यात दात, कान, वजन, विष्ठेतील जंत आणि हृदयाचे ठोके पाहिले जावेत. पिसवा, गोचिडी, कानातील किडे आणि डासांमुळे होणारा हृदयातील जंताचा आजार यांवरील प्रतिबंधक औषधांची मात्रा वजनानुसार पशुवैद्यानेच ठरवावी. कुत्र्याच्या औषधाची अंदाजाने केलेली विभागणी एक किलोच्या प्राण्याला जिवावर बेतणारी ठरू शकते. दोन जेवणे न खाणे, कान सतत खाली पडलेले असणे, संध्याकाळी झोपेतून न उठणे, अंग गार लागणे किंवा चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हा प्राणी आजार लपवतो, आणि लक्षण दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

निसटल्यास काय करावे

सर्व काळजी घेऊनही एखादे दिवशी दार उघडे राहते. म्हणून त्वचेखाली ओळखीची सूक्ष्मचिप आधीच बसवून घ्यावी आणि तिच्या नोंदीतील दूरध्वनी क्रमांक बदलल्यास तो अद्ययावत करावा. बाहेर फिरवताना गळपट्टा न वापरता अंगाला बेतलेला छातीपट्टा वापरावा आणि तो घरात अनेक दिवस घालून सवय करावी. तरीही बिथरलेला फेनेक त्यातून मागे सरकत अंग काढून घेऊ शकतो, त्यामुळे गर्दीच्या किंवा कुत्र्यांच्या जागी नेऊच नये.

निसटलेल्या फेनेकचा पाठलाग केल्यास तो अधिक दूर जातो. धावणे थांबवून, दिवसा तो शिरू शकेल अशा जवळपासच्या अंधाऱ्या जागा शोधाव्यात : गटाराची कोरडी नळी, पायऱ्यांखालची पोकळी, लाकडांचा ढीग, उभ्या वाहनांचा तळ. त्याच्या झोपण्याच्या पेटीतील न धुतलेले कापड दाराबाहेर ठेवावे. अंधार पडू लागला की जिवंत प्राणी पकडण्याचा सापळा-पिंजरा घराजवळ, भिंतीच्या कडेला लावावा, त्यात उग्र वासाचे खाद्य आणि तेच कापड ठेवावे आणि वर चादर टाकून त्याला बिळाचे रूप द्यावे. सापळा दर तासाला पाहावा, कारण त्यात मांजरही सापडू शकते आणि थंडीत अडकलेला फेनेक गारठतो. शेजारी, परिसरातील पशुवैद्य आणि प्राणी निवारा केंद्रे यांना छायाचित्रासह कळवावे, व ‘पकडू नका, दिसल्यास जागा कळवा’ असे त्यांना स्पष्ट सांगावे. तो परत मिळाल्यावर जखमा, पिसवा आणि गोचिडी यांसाठी पशुवैद्याकडून तपासून घ्यावा आणि ज्या फटीतून तो गेला ती त्याच दिवशी बुजवावी, कारण त्या वाटेचा माग तो पुन्हा काढतो.